अक्षरांत रंग भरणारी

यंदाच्या फेब्रुवारी महिन्याच्या बारा तारखेस, बुधवारी, दुपारी चारच्या सुमारास व्यापारी मंडळाचे चिटणीस आणि त्यांच्यासोबत आलेले एक सभासद माझ्या मावशीच्या घरून चहा घेऊन निघाले. फाटकापाशी पोहोचल्यावर चिटणीसांनी सोबत्याला उद्देशून, पण घरात स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात पुढील उद्गार काढले: "रखेल ती रखेल, आणि तोरा बघा पट्टराणीचा!" सोबत्याने हसून दाद दिली. मी खिडकीत उभी होते. मावशी कपबशा उचलत होती. तिने चिटणीसांच्या कपात डोकावून पाहिले आणि म्हणाली, "अर्धा तसाच ठेवला गं त्यांनी. साखर कमी पडली की काय."

ही घटना मी नोंद म्हणून लिहीत आहे. याविषयी मी मंडळाकडे लेखी तक्रार केली. तिचे उत्तर तत्परतेने आले. उत्तराचा आशय असा, की सदर शब्द शिवी नसून कोशांत नोंदलेला शब्द आहे. त्याने केवळ वस्तुस्थितीचे वर्णन होते. तक्रारदार बाई स्वतः भाषेच्या प्राध्यापक आहेत, तेव्हा त्यांनी याहून नेमका शब्द सुचवल्यास मंडळ तो आनंदाने वापरील. 'आनंदाने' या शब्दाखाली चिटणीसांच्या लेखणीने थोडी अधिक जोराने रेघ ओढली होती.

मी कोश उघडले. त्यांत काय मिळाले ते यथावकाश सांगेन. आधी, ज्या वस्तुस्थितीचे वर्णन केल्याचा मंडळाचा दावा आहे, ती वस्तुस्थिती वाचकांसमोर ठेवणे भाग आहे, कारण ती मंडळातील कोणालाही ठाऊक नाही. ठाऊक असती तर जानेवारीत सभागृहात जो प्रकार घडला, तो घडलाच नसता.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. माझ्या आजोबांचे इमारतीच्या दगडाचे आवार होते. रस्त्याच्या बाजूला फाटक, आत भिंतीला टेकवून ठेवलेल्या फरशा, एका कडेला पत्र्याची शेड आणि शेडच्या मागे दोन खोल्या. आजोबा गेले, आई लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली, आणि मावशी त्या दोन खोल्यांत एकटी उरली. तिचे लग्न का झाले नाही याची कारणे आमच्या घरात निरनिराळ्या वेळी निरनिराळी सांगितली गेली. मला त्यांतले एकही पटलेले नाही. तिने स्वतः एकदाच सांगितले: "बघायला येणारे दगडच बघून जायचे. आवार केवढं, माल किती. माझ्याकडे बघायला कोणी मान वळवली नाही."

शेड भाड्याने द्यायची म्हणून तिने फाटकावर पाटी लावली. ती पाटी वाचून जो गृहस्थ आत आला, तो संगमरवरावर अक्षरे कोरणारा कारागीर होता. आल्या आल्या तो भाड्याविषयी काही बोललाच नाही. "ही पाटी कोणी लिहिली?" असे त्याने विचारले.

"मी. का? चुकलंय काही?"

"चुकलेलं नाही. पण 'भाड्याने' इतकं मोठं लिहिलंय की 'शेड' दिसतच नाही. लोकांना वाटेल तुम्हीच भाड्याने आहात."

"मग ज्यांना मोठं तेवढंच वाचता येतं त्यांनी आत येऊ नये," मावशी म्हणाली. तो हसला, आणि त्याच आठवड्यात आपल्या छिन्न्या घेऊन आला. गावात त्याला पुढे सगळे 'अक्षरवाले' म्हणू लागले. मीही तेच नाव वापरते, कारण माझ्या तोंडी त्यांच्यासाठी दुसरे कोणतेच नाते कधी बसवले गेले नाही. काका म्हणायचे तर आई डोळे वटारायची.

अक्षरवाले विवाहित होते. एक मुलगा होता. घर गावाच्या वरच्या अंगाला होते. या गोष्टी त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितल्या, त्या कधी लपवल्या नाहीत, आणि मावशीने त्या कधी विसरल्याचे सोंग केले नाही.

आता कामाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण सगळे त्यावरच अवलंबून आहे. पांढऱ्या दगडात कोरलेले अक्षर जवळून, उजेड तिरपा पडला तरच दिसते. चार पावले मागे गेलात की दगड कोरा. अक्षर दिसते ते रंगामुळे. आणि रंग असा सरळ ओतून चालत नाही. संगमरवर रंग पितो. कडा फुटतात, अक्षराला दाढी आल्यासारखे दिसते. म्हणून आधी प्रत्येक खाचेत लाखेचा पातळ हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग बारीक कुंचल्याने काळा रंग भरायचा आणि बाहेर सांडलेला पात्याने खरवडून काढायचा. अक्षरवाल्यांचा छिन्नीवरचा हात देवाने दिलेला होता. कुंचल्यावरचा मात्र कोणीच दिलेला नव्हता. एका शाळेच्या पाटीवर त्यांनी रंगाचा असा चिखल केला, की ते शेडबाहेर येऊन पायरीवर डोके धरून बसले. मावशी आत गेली, रंग वाळायच्या आत टर्पेंटाइनने पुसला, आणि संध्याकाळपर्यंत सबंध पाटी भरून दिली. तिने आधी सगळी टिंबे भरली. त्यांनी विचारले, असे का?

"टिंब राहिलं की माणसाचं नावच बदलतं. मोठी अक्षरं कोणी विसरत नाही."

तेव्हापासून ती रीत पडली. ते कोरत, ती भरी. त्यांचा नेहमीचा विनोद होता: "मी उकरतो आणि ही बुजवते. दिवसअखेर जमीन होती तशीच." या गावातल्या इस्पितळाची कोनशिला, जुन्या बँकेच्या दारावरची पाटी, वाचनालयाच्या जिन्यातली देणगीदारांची नावे, हे सगळे तिच्या हाताने भरलेले आहे. पाटीच्या कोपऱ्यात अक्षरवाले आपल्या नावाचे आद्याक्षर बारीक कोरत असत. तेही तीच भरी.

बाकीचे कसे सुरू झाले, हे मी विचारले नाही व कोणी सांगितले नाही. मात्र त्याचे नियम मला माहीत आहेत, कारण लहानपणापासून मी ते पाहत आले. सकाळी ते येत, दुपारी तिच्याकडे जेवत, थोडे आडवे होत ते शेडमध्ये, दगडांच्या गारव्यात. चार वाजता चहा. दिवे लागायच्या आत छिन्न्या धुऊन, पुसून, फडक्यात बांधून ते घरी जात. रात्र घरची. रविवार घरचा. यात कधी बदल झाला नाही. हा नियम त्यांनी घातला की तिने, हे मी एकदा विचारले, तेव्हा मावशी म्हणाली, "मी. त्या बाईचं मी काय काय घेतलंय ते मला माहीत आहे. रविवार नाही घेतला."

त्या बाई म्हणजे अक्षरवाल्यांच्या पत्नी. मावशी त्यांना 'मोठ्या बाई' म्हणे. वयाने त्या मावशीहून लहान होत्या.

रविवारी मी पुष्कळदा मावशीकडे पाठवली जात असे, आईचे ठरलेले वाक्य होते, "डबा देऊन ये, पण रेंगाळू नकोस." मी रेंगाळत असे. रविवारच्या त्या शेडइतकी शांत जागा मी नंतर कुठे पाहिली नाही. दगडाच्या कपच्या झाडून एका कोपऱ्यात लोटलेल्या, अर्धवट कोरलेली एखादी फरशी तिवईवर, तिच्यावर ओले फडके. मावशी खोलीत बसून रेडिओ लावी. कोणते केंद्र लागले आहे याकडे तिचे लक्ष नसे, माणसाचा आवाज असला म्हणजे झाले. दोन कप होते. रविवारी ती दुसरा कपही धुऊन पुसून ठेवी, न वापरलेला. मी एकदा म्हटले, "मावशी, हा तर स्वच्छच आहे." ती म्हणाली, "धूळ बसते गं. दगडाची धूळ वार बघत नाही."

आमच्या घरातल्या समारंभांना तिला बोलावणे जाई ते 'सवडीने येऊन जा' अशा भाषेत. सवडीने म्हणजे पाहुणे पांगल्यावर. ती कधी आली नाही, आणि न आल्याबद्दल तिने कधी बोल लावला नाही. बोल लावण्याचे काम तिने बहुधा माझ्यासाठी राखून ठेवले असावे.

दोन वर्षांपूर्वी व्यापारी मंडळाने नवे सभागृह बांधले. त्याच्या दर्शनी भिंतीवर संस्थापक सभासदांच्या नावांचा दगड बसवायचे ठरले. अक्षरवाले स्वतः त्या संस्थापकांपैकी एक. काम अर्थातच त्यांच्याकडे आले. तोवर त्यांच्या छातीत दगडाची धूळ पुरती बसली होती. चार अक्षरे कोरली की खोकल्याची उबळ येई आणि छिन्नी खाली ठेवावी लागे. मावशी म्हणे, "सोडा ना. दुसरं कोणी करील." ते म्हणत, "दुसऱ्याने कोरलं तर तू भरशील?"

त्या दगडावरची शेवटची ओळ त्यांच्या स्वतःच्या नावाची होती. ती त्यांनी सर्वांत शेवटी कोरली. कोरून झाल्यावर म्हणाले, "स्वतःचं नाव कोरताना हात चालत नाही गं. बाकी कोणाचंही कोरताना कधी असं झालं नाही." दगड झाडून, धुऊन भिंतीला टेकवला. सकाळी लाखेचा हात द्यायचे ठरले.

सकाळी ते आले ते धापा टाकत. पायरीवरच बसले. मावशीने शेजारच्या सुताराला बोलावले, सुताराने त्यांच्या मुलाला फोन केला. हा मुलगा मोटारींचे सुटे भाग विकतो. वडिलांच्या शेडमध्ये त्याने त्याआधी कधी पाऊल टाकले नव्हते. तो गाडी घेऊन आला, फाटकाबाहेरच उभा राहिला आणि मावशीकडे न पाहता म्हणाला, "बाबा, चला." अक्षरवाले उठले. चष्मा आदल्या दिवसापासून तिवईवरच राहिला होता. मावशीने तो त्यांच्या खिशात सरकवला.

"येतो," ते म्हणाले.

"या," ती म्हणाली.

एवढेच. ते घरी गेले आणि अंथरुणाला खिळले. म्हणजे रात्रीपुरते असलेले ते घर आता दिवसांचेही झाले. मावशी तिकडे गेली नाही. मी फार भांडले. म्हटले, जा, दारात उभी राहा, कोण काय करील? ती म्हणाली, "करायचं कोणी काही नाही. पण मी दारात उभी राहिले तर मोठ्या बाईंना दार तरी उघडावं लागेल नाहीतर लावावं तरी. या वयात त्यांना कशाला ठरवायला लावायचं?" रोज सकाळी ती शेड झाडून ठेवी. छिन्न्या फडक्यातून काढून, पुसून पुन्हा बांधी. दगडाला मात्र हात लावत नव्हती. त्यांनी पाहिल्याशिवाय तिने कधी एकाही पाटीला सुरुवात केली नव्हती. ते बरे होऊन येतील, दगड बघतील, 'हं' म्हणतील, मग लाख.

एका सकाळी सुतार फाटकाशी आला आणि म्हणाला, "ताई, आज शेड उघडू नका." तिला कळले.

भेटायला कोणी आले नाही. नात्यात ती कोण लागत होती, की कोणी यावे? नाही म्हणायला रंगाचा दुकानदार आला. दर महिन्याला काळा रंग त्याच्याकडून येत असे. तो एका फरशीवर टेकला, मग उठताना म्हणाला, "एक डबा ठेवून जातो. लागेल तेव्हा वापरा." त्या सबंध महिन्यात तिला सांत्वन म्हणून मिळाले ते एवढेच, आणि ते मला पुरेसे सभ्य वाटते.

पुढच्या आठवड्यात मुलगा टेम्पो घेऊन आला. मंडळाचा दगड न्यायचा होता. सोबत हमाल होते. मावशी म्हणाली, "अजून व्हायचाय तो." मुलाने वाकून पाहिले, उजेड तिरपा पडला होता, अक्षरे दिसत होती. "झालाय की. नावं आहेत सगळी. बाबांचंही आहे." ती काही सांगणार, तोच तो हमालांना म्हणाला, "उचला रे. उगाच बोलण्यात वेळ घालवू नका." दगड गोणपाटात गुंडाळला गेला. मुलाचा दोष मी तरी त्यात धरत नाही. वडिलांच्या हातची प्रत्येक पाटी त्याने पाहिली ती भिंतीवर लागलेली, काळ्याभोर अक्षरांची. छिन्नीच्या मागून कुंचला येतो, आणि तो दुसऱ्या कोणाच्या हातात असतो, हे त्याला कोण सांगणार? घरात तो विषयच वर्ज्य होता. कोरले की अक्षर आपोआप काळे होते, असाच त्याचा समज असणार. मंडळाचाही तोच.

अनावरणाचा समारंभ जानेवारीत झाला. दिवस रविवार. मी मावशीला घेऊन जायला आले, तर ती पातळ नेसून तयार होती, पण पायरीवर बसलेली. "रविवार आहे गं," ती म्हणाली. "आज त्यांच्या घरचा दिवस." मी म्हटले, आता कसला दिवस आणि कसली वाटणी! ती म्हणाली, "आहे. दारातून बघेन. आत नाही यायची."

आम्ही दाराशी उभ्या राहिलो. पुढच्या ओळीत मोठ्या बाई, शेजारी मुलगा, सून. अध्यक्षांनी अक्षरवाल्यांच्या 'निष्ठावान सेवेबद्दल' आणि 'आदर्श गृहस्थाश्रमाबद्दल' भाषण केले. त्यांनी दोरी ओढली. पडदा सरकला. टाळ्या सुरू झाल्या, आणि मध्येच, कोणी मनाई केल्याप्रमाणे, विरत गेल्या.

भिंतीवर कोरा दगड होता.

दिव्यांचा उजेड समोरून सरळ पडलेला. एकही अक्षर दिसत नव्हते. लोक माना वाकड्या करून पाहू लागले. कोणी कुजबुजले, "उलटा तर नाही ना बसवला?" मागून कोणी तरी म्हणाले, "मंडळाचा कारभार दिसतोय यात स्पष्ट," आणि मागच्या ओळी फिसकन हसल्या. अध्यक्षांनी हात पुढे करून दगड चाचपला, तसा हशा वाढला.

मोठ्या बाईंची नजर अधू आहे. त्यांनी मुलाला मोठ्याने विचारले, "काय लिहिलंय रे? मला काही दिसत नाही."

"लिहिलंय, आई. आहे."

"कुठे आहे?"

"आहे गं. जवळून दिसतं."

ऐकू कमी येणारी माणसे बोलतात तशा, सबंध सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "रंग कुठाय? तिला नाही बोलावलं?"

कोणाला, हे त्यांनी सांगितले नाही. सांगावे लागले नाही. सबंध सभागृहाची मान दाराकडे वळली. मोठ्या बाईही खुर्चीत अर्ध्या वळल्या. त्यांना मावशी दिसली असेल का, मला सांगता येत नाही; त्यांना दारात उजेडावर उभी असलेली एक आकृती दिसली असेल. मावशीने पदर सावरला आणि ती वळून चालू लागली. रस्त्यात मी संतापाने काय काय बोलत होते. ती एवढेच म्हणाली, "त्यांना माहीत होतं गं. मी टिंबं आधी भरते, तेसुद्धा माहीत असेल."

यानंतर बारा फेब्रुवारीची ती भेट. चिटणीस अत्यंत गोड बोलत आले. मंडळाची हौस अशी, की रंगाचे काम बाईंनीच करावे. शेवटी अक्षरवाल्यांचीही तीच इच्छा असती, नाही का? मावशीच्या चेहऱ्यावर मी इतक्या दिवसांत प्रथमच थोडा रंग पाहिला. ती उठून कुंचल्यांचा डबा शोधू लागली.

"मग येत्या रविवारी," चिटणीस म्हणाले. "सभागृह बंद असतं. मागच्या बाजूला एक दार आहे, भांडारघराचं. पहारेकरी उघडून देईल. तासाभरात उरकेल."

मावशीने डबा होता तिथे ठेवला. "तासाभरात टिंबंसुद्धा होत नाहीत. आणि रविवारी मी नाही यायची."

"मग कधी जमेल?"

"कामाच्या दिवशी. सकाळी दहाला. आम्ही दहालाच सुरू करायचो."

"अहो, त्या वेळी लोकांची ये-जा असते."

"असू दे की. दगड वाचायला लोकच येणार ना?"

"बाई, तुम्ही जरा समजून घ्या. लोकांच्या डोळ्यांवर येतं. मंडळाची काही इभ्रत आहे."

"ती कुठे मागतेय मी? मला खुर्ची लागेल एक. उंच. शेवटची ओळ खाली आहे, तिथं मी जमिनीवर बसेन."

"आणि पुढच्या दारानं याल म्हणता?"

"मी जन्मभर माझ्याच फाटकातून ये-जा केली. मागची दारं मला सापडत नाहीत."

चिटणीसांनी चहा अर्धा टाकला. पुढचे वाचकांना ठाऊक आहे.

आता कोशांविषयी. 'रखेल' हा शब्द राखणे या क्रियेच्या कुळातला. मुळाशी संस्कृत 'रक्ष्', म्हणजे सांभाळणे, जपणे. रक्षण, राखण, राखणदार, राखीव ही त्याचीच भावंडे. राखणदाराला पगार मिळतो, राखीव जागेला मान मिळतो. एकाच मुळाच्या या एका लेकीला मात्र मागचे दार. पण तेही असो. सांभाळले कोणी कोणाला? जागा मावशीची, चूल मावशीची, कामाचा अर्धा हात मावशीचा. 'ठेवलेली' म्हणावे, तर तिला कोणी कुठे नेऊन ठेवले नव्हते. ती होती तिथेच होती, आलेले ते होते.

'उपपत्नी' हा सभ्य माणसांचा शब्द. उप म्हणजे जवळची, आणि म्हणून दुय्यम. उपाध्यक्षाला अध्यक्षांच्या गैरहजेरीत खुर्चीवर बसता येते, हे मंडळाला माहीत आहे. 'अंगवस्त्र' म्हणजे खांद्यावर टाकून मिरवायचे वस्त्र. अक्षरवाले मावशीला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंतही कधी गेले नाहीत. जुन्या दप्तरांतला शब्द 'नाटकशाळा': जिवंत बाईला इमारतीचे नाव. त्याहून जुन्या ग्रंथांतला 'अवरुद्धा', म्हणजे अडवून, कोंडून ठेवलेली. मावशीच्या फाटकाला कडी आतून आहे. इंग्रजीतला 'कॉन्क्युबाइन' मी लॅटिनपर्यंत मागे नेला. तिथे त्याचा अर्थ सोबत निजणारी, इतका उघडा निघाला. मावशीच्या वाट्याला रात्र कधी आलीच नाही. तिच्या वाट्याला आले ते कामाचे दिवस. त्यांसाठी मला कोणत्याही कोशात शब्द मिळाला नाही. या सगळ्या शब्दांत पुरुष काय करतो तेवढे आहे. बाई दिवसभर काय करते, याची नोंद एकाही शब्दकर्त्याला आवश्यक वाटली नाही.

हे सर्व मी मोठ्या त्वेषाने मावशीला वाचून दाखवले. तिने पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाली, "तू शब्द कशाला शोधत बसलीस? त्यांना नवा शब्द दिलास तर तोही ते फाटकाशी जाऊनच उच्चारतील. मला दगड भरायला बोलवा म्हणावं." थोड्या वेळाने तिने उजवा हात उजेडात धरून पाहिला. "लवकर बोलवा म्हणावं. डोळ्यांवर पडदा यायला लागलाय. मोठी अक्षरं जमतील अजून. टिंबांचं सांगत नाही."

आणि आता मंडळाने ठरवले आहे, की दगडाचा घोळ नको. येत्या वार्षिक सभेत ठराव करून त्यावर छापील अक्षरांचा पितळी पत्रा ठोकायचा. अक्षरवाल्यांनी खोकत खोकत कोरलेली ती नावे, आणि हात चालत नसताना कोरलेली शेवटची ओळ, त्या पत्र्याखाली कायमची जातील. ती ओळ भरणे हे या बाईने उभ्या आयुष्यात दुसऱ्या कोणाकडून मागितलेले पहिले आणि एकमेव काम आहे. रंगवाल्याने ठेवलेला डबा तिने अजून उघडलेला नाही. रोज दुपारी ती तो उलटा-सुलटा करून ठेवते, रंग खाली बसू नये म्हणून.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या वडिलांचे, आजोबांचे नाव त्या दगडावर आहे, ज्यांना सभेत हात वर करण्याचा हक्क आहे, आणि ज्यांना तो नाही पण रोज त्या सभागृहावरून जाणे-येणे आहे, त्या सर्वांकडे माझी मागणी आहे. पितळी पत्रा बसवू देऊ नका. एखाद्या कामाच्या दिवशी, सकाळी दहा वाजता, पुढचे दार उघडे ठेवून, दगडासमोर एक उंच खुर्ची मांडा आणि मावशीला न्यायला या. तिला काय म्हणून हाक मारावी हा प्रश्न पडला, तर हाक मारू नका. फाटक वाजवा. ती आतून ओ देते.